माप्पाच्या अंगणातला घोड्याचा खांब

मी लार्च झाडाच्या खोडाचा एक जुना खांब आहे. उभा असतो तर हे सांगावे लागले नसते. पण सध्या मी गवतात आडवा पडलो आहे आणि अंगावर शेवाळ चढू लागले आहे, म्हणून ओळख करून देणे भाग आहे. लेना नदीच्या खोऱ्यात, आमच्या साखा लोकांत, घराच्या अंगणात घोडे बांधण्यासाठी खांब रोवतात आणि त्याला सेर्गे म्हणतात. मी हाबिरिसच्या घरचा सेर्गे. माझी हकिकत मी क्रमाने सांगणार आहे, कारण तिच्या शेवटाविषयी आमच्या भागात एक चुकीची समजूत पसरली आहे.

हाबिरिसने मला टेकडीच्या उत्तर उतारावरून निवडले. तिकडे ऊन कमी, म्हणून झाड फार सावकाश वाढते आणि त्याचे लाकूड दाट होते. त्याने मला हिवाळ्याच्या अखेरीस तोडले, कारण तेव्हा खोडातला रस गोठलेला असतो. साल काढून दोन उन्हाळे सावलीत वाळवले. मग माझे खालचे टोक विस्तवावर फिरवून काळे केले. भाजलेल्या लाकडाला मातीत कीड लागत नाही. वरच्या टोकाला त्याने कुमिस पिण्याचा पेला कोरला. कुमिस म्हणजे घोडीचे आंबवलेले दूध. पेल्याखाली त्याने तीन खाचा पाडल्या : सर्वांत वरची देवांच्या घोड्यांसाठी, मधली पाहुण्यांच्या आणि खालची घरच्या घोड्यांसाठी. देवांचा घोडा मी कधी पाहिला नाही, पण ती खाच त्याने सर्वांत नीट पाडली होती.

मित्रांनो, आमची जमीन तुमच्या जमिनीसारखी नाही. ती खाली कायमची गोठलेली असते आणि उन्हाळ्यात फक्त वरचा थर मऊ पडतो. हाबिरिसने जून महिन्यात खड्डा खणायला घेतला. गोठलेला थर लागला की तो खड्ड्यात विस्तव पेटवी आणि सैल झालेली माती उपसून काढी. कंबरेपेक्षा खोल गेल्यावर त्याने मला उभे केले, भोवती दगड व माती ठासली आणि वरून पाणी ओतले. हिवाळा आला तसे ते पाणी गोठले आणि जमिनीने मला जबड्यात धरले. पाणी ओतले त्याच दिवशी त्याने, खणण्याआधी कापून ठेवलेला गवत-शेवाळाचा थर माझ्या पायाशी पुन्हा अंथरला होता. पुढे त्याचा मुलगा एर्चिम लहान असताना तोच थर खेळायला उपटू लागला, तेव्हा बापाने त्याच्या हातावर चापट मारली होती.

"ती जमिनीची गोधडी आहे. काढलीस तर खालची थंडी निघून जाईल, आणि मग हा उभा कशावर राहील, तुझ्या डोक्यावर?"

एर्चिम रडला नाही. त्याने गोधडी जागच्या जागी दाबून बसवली. तो हुशार मुलगा होता, एकदा सांगितलेले विसरत नसे.

पण ही पुढची गोष्ट झाली. मला रोवले त्याच दिवशी माप्पा नवरी होऊन आली. ती स्वतः घोड्यावरून उतरली आणि तिने आपल्या हाताने लगाम माझ्या खालच्या खाचेला बांधला. तेवढे केले की मुलगी त्या घरची होते. मग म्हाताऱ्यांनी माझ्यावर कुमिस शिंपडले आणि मला ऐकवले की याला कोणी तोडणार नाही, उपटणार नाही, जाळणार नाही. हा उभा राहील तोवर राहील, पडेल तेव्हा आपणहून पडेल, आणि पडेल तिथेच मातीला मिळेल. हा माझ्याशी झालेला करार होता. माझ्या बाजूने मी तो पाळला.

घरातले वर्ष मी अंगणातून पाहत असे. पहिला कडक गारठा पडला की हाबिरिस आणि माप्पा तळ्यावर जाऊन बर्फाच्या लाद्या कापत, घसरगाडीवरून आणत आणि माझ्या शेजारी काचेच्या तावदानांसारख्या उभ्या करत. हिवाळाभर तेच पिण्याचे पाणी. रोज एक तुकडा फोडायचा आणि चुलीवर वितळवायचा. त्यानंतर जनावर कापण्याचे दिवस येत. दूध वाडग्यांत गोठवून त्याच्या चकत्या रचून ठेवल्या जात, आणि संध्याकाळी पातळ तासलेला गोठलेला मासा मिठाबरोबर खाताना आतले हसणे माझ्यापर्यंत येई. भर हिवाळ्यात धुके इतके दाट होई की मला माझ्याच अंगणातला गोठा दिसत नसे. घोडे येत ते पापण्यांवर बर्फ घेऊन. मार्चमध्ये उजेड परते, गायी वीत. कावळे आले की माप्पा दारात उभी राहून म्हणे, "आलात का रे मेल्यांनो, किती वाट पाहायला लावली," आणि त्या दिवशी सगळ्यांना साय मिळे.

जून लागताच सगळे घर गुरांसह उन्हाळी वस्तीवर जाई. ती दिवसभराच्या वाटेवर, मोठ्या कुरणात. तिकडे दूध, तिकडे गवतकापणी. निघताना माप्पा माझ्या मधल्या खाचेत घोड्याच्या केसांची एक बट बांधी आणि म्हणे, "घर सांभाळ." सप्टेंबरात परत आली की पहिल्यांदा माझ्याकडे पाही, नंतर दाराची कडी काढी. मी तिला एकाही वर्षी वाकडा दिसलो नाही.

पुढे हाबिरिस वारला. एर्चिमचे लग्न होऊन तो नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत राहायला गेला. तिथे नळातून गरम पाणी येते आणि घरांना उष्णता पाइपातून मिळते, असे मी ऐकले आहे. माप्पा इथेच राहिली. तिच्याबरोबर गायी होत्या, एक म्हातारी घोडी होती, आणि मी होतो.

एका हिवाळ्यात ती बर्फाच्या लाद्यांजवळ पाय घसरून पडली. मी पाहत होतो. मला हाक मारता येत नाही. गोठ्यातल्या गायी पाण्याची वेळ टळली म्हणून हंबरू लागल्या आणि शेजारचा ब्योतुर चौकशीला आला, म्हणून ती वाचली. हाताची दोन बोटे तेवढी गोठून गेली.

वसंतात एर्चिम बायकोला, कुन्नेयला, घेऊन आला. माप्पा उरलेल्या बोटांनी कुऱ्हाड धरून बर्फ फोडत होती.

"आई, तिकडं नळ फिरवला की पाणी. इथं तू कुऱ्हाडीनं पाणी फोडतेस," एर्चिम म्हणाला.

"बसल्या जागी पाणी मिळालं की काय होतं ते तुझ्या पोटाकडं बघून कळतंय."

कुन्नेय हसली. "पोटाचं मी काही बोलत नाही, आई. पण त्या दिवशी गायी हंबरल्या नसत्या तर?"

"हंबरल्या नसत्या तर त्यांना चारा कशाला घालते मी?"

"थट्टा पुरे," एर्चिम म्हणाला. "कधी येणार ते सांग. या वर्षी नाही तर पुढच्या. काहीतरी सांग."

माप्पाने कुऱ्हाड खाली ठेवली आणि माझ्याकडे बोट दाखवले. "हा पडेल त्या दिवशी येईन. पण आपणहून पडला पाहिजे. कुणी हात लावला तर माझं मढंही तुझ्या दारात येणार नाही."

"अहो आई, तो तर आमच्या नातवंडांनाही पुरून उरेल," कुन्नेय म्हणाली.

"म्हणूनच त्याचं नाव घेतलं," माप्पा म्हणाली आणि बर्फाचा तुकडा उचलून आत गेली.

त्या क्षणी मला किती अभिमान वाटला म्हणून सांगू. एका माणसाचे घर माझ्या आधारावर उभे होते. एर्चिम मात्र बराच वेळ माझ्या पायथ्याकडे पाहत राहिला. तो माझ्याकडे प्रेमाने पाहतो आहे, असे मी समजलो.

जूनमध्ये माप्पा बट बांधून उन्हाळी वस्तीवर गेली. काही दिवसांनी एर्चिम एकटा आला. हातात फावडे होते. कुंपण दुरुस्त करायला आला असेल, असे मला वाटले. त्याने माझ्या भोवतीची गोधडी कापली, तिच्या वळकट्या केल्या आणि गोठ्यामागे नेऊन टाकल्या. उघड्या मातीवर चुलीतली कोळशाची काळी राख पसरली, कारण काळी माती ऊन अधिक शोषते. मग गोठ्यामागे वितळलेल्या बर्फाचे डबके साचले होते, तिथून त्याने माझ्या पायापर्यंत एक चर खणला. आमच्याकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायचे नाव घेत नाही. ऊन, राख आणि वाहते पाणी यांनी खालची थंडी किती लवकर निघून जाते, हे त्याला बापाने चापट मारून शिकवले होते.

तो पुनःपुन्हा आला. चर गाळाने भरला की मोकळा करून जाई. डबके आटले तेव्हा तळ्यावरून बादल्या आणून त्याने पाणी ओतले. पण मला त्याने हात लावला नाही. एकदा चिखलात त्याचा पाय घसरला आणि आधारासाठी हात माझ्याकडे आला. स्पर्श होण्याआधीच त्याने तो मागे खेचला आणि तोंडावर चिखलात पडला. नंतर तो तिथेच बसून राहिला, माझ्याकडे न पाहता.

"तू उभा राहशील आणि ती मरेल," तो म्हणाला. "पुढच्या खेपेला गायी नाही हंबरल्या तर? मला झोप लागत नाही रे. गारठा वाढला की मी नुसता छताकडं बघत पडतो."

हे त्याने मला सांगितले. आईला त्याने नळाविषयी सांगितले होते, गरम पाण्याविषयी सांगितले होते. आपल्याला भीती वाटते, हे तिला तो कधीच म्हणाला नव्हता. मित्रांनो, त्याच्या भीतीचा मला राग नाही. पण ज्या अंगणात तो घोड्यावर बसायला शिकला, मला धरून पहिल्यांदा उभा राहिला, तिथे फावडे घेऊन येण्यापूर्वी त्याने ते एक वाक्य आईसमोर उच्चारून पाहायला हवे होते. कदाचित ती आली असती. कदाचित नसती आली. मला उत्तर ठाऊक नाही, आणि त्यालाही नाही.

जमिनीचा जबडा हळूहळू सैल झाला. प्रथम मी दक्षिणेकडे किंचित कललो. माझ्या खालचा बर्फ वितळून माती खचत होती. डोक्यावरचा कोरीव पेला जड असल्यामुळे कल वाढत गेला. ऑगस्टच्या अखेरीस वारा नसलेल्या एका सकाळी मी पडलो. आवाज फारसा झाला नाही.

सप्टेंबरात माप्पा गुरे घेऊन परतली. एर्चिम सामान उतरवायला तिच्याबरोबर होता. तिने नेहमीप्रमाणे प्रथम माझ्या जागेकडे पाहिले. मग ती चालत आली, गुडघ्यावर बसली आणि खड्ड्याच्या कडेची माती हातात घेतली. तिच्या बोटांना राख लागली. चराच्या रेषेवरून तिची नजर गोठ्यापर्यंत गेली आणि परत आली.

माप्पाला सगळे दिसले होते. आता ती सर्वांसमोर सांगेल, याची मला खात्री होती.

"मी त्याला हात लावला नाही, आई," एर्चिम म्हणाला.

"ते दिसतंय," ती म्हणाली.

इतक्यात कुंपणाबाहेर ब्योतुरचा घोडा थांबला. आमच्याकडे बापाचा सेर्गे पाडणाऱ्या मुलाच्या घरी कोणी पेला उचलत नाही, त्याच्या मुलांना कोणी मुली देत नाही. माप्पाने तो घोडा पाहिला, मुलाच्या तोंडाकडे पाहिले, आणि ती मांडी घालून त्या काळ्या मातीवरच बसली. घागरा तिने चारी बाजूंनी पसरला. राख झाकली गेली. चराचे तोंडही झाकले गेले.

"अरेरे," ब्योतुर आत येत म्हणाला. "हा कसा पडला, माप्पा? माझ्या बापाचा याच्याहून जुना आहे, अजून ताठ उभा आहे."

"तुझ्या घराण्यात सगळे तसेच. ताठ उभे, कामाचं कुणी नाही."

ब्योतुर हसला, पण त्याची नजर जमिनीवर फिरत होती. "कुणी पाडला तर नाही ना?"

"कोण पाडणार? कुऱ्हाडीची खूण आहे का कुठं? बघ हवं तर." तिने माझ्या अंगावर हात ठेवला. तो हात थंड होता आणि राखेने काळा झाला होता. "पडला. आपणहून पडला."

तो चहासाठी थांबला नाही. तो दिसेनासा होईपर्यंत माप्पा तशीच बसून होती.

"आई," एर्चिम म्हणाला.

"उद्या गाडी घेऊन ये," ती म्हणाली. "गायी ब्योतुरकडं राहतील. घोडीसुद्धा. मी दिलेला शब्द मोडत नाही."

दुसऱ्या दिवशी ती गेली. जाताना तिने खड्ड्यावर माती लोटली आणि गोठ्यामागच्या वळकट्या आणून तिथे पुन्हा अंथरल्या, पायाने दाबून नीट बसवल्या. माझ्या मधल्या खाचेतली बट तिने सोडून घेतली. "घर सांभाळ" असे ती या वेळी म्हणाली नाही. मुलाने माझ्याखालची जमीन काढून घेतली, ते मी एक वेळ सहन केले असते. पण जिने सत्य आपल्या हाताने चाचपून पाहिले, तिनेच माझ्या अंगावर हात ठेवून खोटे सांगितले. ती आई आहे, हे मला समजते. समजल्यामुळे दुखणे कमी होत नाही.

आता माझी अवस्था अशी आहे. पडलेला सेर्गे उचलू नये, जाळू नये, हा नियम ते काटेकोर पाळतात. एर्चिम दर वर्षी एकदा येऊन लांबून पाहून जातो. ब्योतुर एका वाटसरूला सांगत होता की माप्पाची प्रकृती तिकडे उत्तम आहे, आणि नळाच्या पाण्याच्या चहाला तिने अजून चांगले म्हटलेले नाही. वाटसरू मला पाहून आदराने टोपी काढतात. म्हणतात, बघा, किती वर्षे उभा होता आणि वेळ आली तेव्हा कसा शांतपणे पडला.

मित्रांनो, तुमच्याही घरी जुने काही उभे असेल. एखादी वस्तू असेल, एखादे झाड असेल, एखादे माणूसही असेल. त्याची अडचण होऊ लागली तर त्याच्यासमोर उभे राहून तसे सांगा. भीती वाटत असेल तर भीती वाटते असे म्हणा. तोडायचेच असेल तर कुऱ्हाड घेऊन या. कुऱ्हाडीची खूण राहते आणि पाहणाऱ्याला काय झाले ते कळते. पण त्याच्या पायाखालचा गारवा गुपचूप काढून घेऊ नका, आणि काढून घेतलाच, तर निदान ते पडल्यावर त्याच्या नावाने खोटे बोलू नका.

मी आपणहून पडलो नाही.