भारंभार गूळ

"आई रेणुकाई, हिला उठव. हिच्या भारंभार गूळ वाटीन."

हा आवाज गोजरबाईनं ऐकला त्याला वीस-पंचवीस वर्षं होऊन गेली असतील. रझाकार जाऊन गाव नुकतंच ताळ्यावर आलं होतं, आणि गावाचं ठीक होतंय म्हणेस्तोवर तिच्या अंगात मुदतीचा ताप शिरला. पापण्यांवर दगड ठेवल्यासारखं झालं होतं, जीभ वाळल्या खारकेसारखी. अशात घोंगडीपलीकडून नवऱ्याचा आवाज आला. दुकानात गिऱ्हाइकाशी घासाघीस करताना पुंजारामचा आवाज घंटेसारखा वाजायचा. त्या सांजेला तो ओल्या कापसासारखा होता. नुसता हातात धरला असता तरी पिळून पाणी निघालं असतं.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला. गोजरबाई उठली, पेज प्याली, भाकरी खाऊ लागली आणि जी खाऊ लागली ती पुढं थांबलीच नाही. नवसाचा मात्र कुणी शब्द काढला नाही. पुंजारामनं काढला नाही, कारण तो पुंजाराम. टेंभुर्णीच्या पेठेत त्याचं गूळ-दाण्याचं दुकान. काट्यावर माशी बसली तर तिचंही वजन गिऱ्हाइकाच्या माथी मारल्याशिवाय तो तिला उडू द्यायचा नाही, अशी त्याची कीर्ती पार जाफराबादेपर्यंत. आणि गोजरबाईनं काढला नाही, कारण सासू सांगून गेली होती की ज्याच्यासाठी नवस बोलला त्यानं तो मागू नये. मागितला की नवस आटतो.

तेव्हा ती गप्प राहिली आणि भरत राहिली. दर साल पिंपळगावच्या रेणुकाईला ती दोघं जायची, नारळ फोडायची, पुंजाराम चिमूटभर साखर वाटायचा आणि दोघं परत यायची. गोजरबाईचा आपला एक हिशेब होता. देवीला तिचा गूळ मिळेना, तेव्हा ती तो हिच्याच अंगावर साठवून ठेवत असावी. दंडावर थोडा, कमरेवर थोडा, बाकीचा पाठीला. दोन वर्षांखाली दुष्काळात सगळा मुलूख मिलोच्या, त्या परदेशी लाल ज्वारीच्या, भाकरी खाऊन आणि खडी फोडून काडी झाला, गोजरबाई होती तशी राहिली. लोक म्हणायचे, दुष्काळ तिच्याबी दारात आल्ता, आत जागा न्हवती म्हणून माघारी गेला.

मग गुडघे बोलायला लागले. जाफराबादच्या डॉक्टरनं तिला काट्यावर उभं केलं. काटा चौऱ्याण्णववर जाऊन दम खात थांबला.

"मावशी, गुडघे तुमचे चांगलेच आहेत," डॉक्टर म्हणाला. "त्यांच्यावरचं ओझं वाईट आहे."

"मंग किती उतरवू?"

"ते तुम्ही ठरवा. मनाशी एक आकडा धरा. असा, की तिथं पोचता येईल आणि पोचल्यावर राहताही येईल."

गोजरबाई वाटभर तेच मनात घोळवत आली. जन्मात तिला कुणी तिचा कुठला आकडा विचारला नव्हता. लग्नाचं वय बापानं ठरवलं, लेकरं देवानं, रोजच्या भाकरी घरातल्या तोंडांनी. आता हे एक अंग तेवढं तिच्या मर्जीवर सोडलं होतं, आणि मर्जी म्हणजे काय चीज असते, ती कुठं ठेवलेली असते, तेच तिला आठवेना.

आकड्याला मदत करायला सगळी गल्ली धावली. नणंद उषाबाई तीन घरं टाकून राहायची. ती दाण्याचं सूप तसंच हातात घेऊन आली.

"वैनी, लग्नातलं वजन धर की. कशी शेवग्याच्या शेंगंसारखी होतीस."

"लग्नात मी बारा वर्षांची होते, उषाबाई. त्या वजनावर आले तर तुमच्या भावाला मला काखंत मारून दुकानात न्यावं लागंल."

"न्हेईल की. काट्याला पासंग म्हणून कामी येशील."

सून शिवकन्या सातवी शिकलेली. तिनं कुठल्याशा मासिकात वाचलं होतं की आकडा उंचीवरून काढतात. तिनं सासूला चौकटीशी उभं केलं, डोक्यावर पाटी आडवी धरली, कोळशानं रेघ ओढली आणि बोटांवर बराच वेळ काहीतरी केलं.

"बावन्न, आत्याबाई."

"म्हंजी चौऱ्याण्णवातून बेचाळीस गेले. तुझं किती गं वजन?"

"बेचाळीसच असंल."

"मंग माझ्यातून तूच गेलीस की आख्खी. अन् भांडी कोण घासंल?"

शिवकन्या हसून चुलीकडं वळली. गोजरबाईही हसली, पण भाकरी थापता थापता तिचं हसू परातीत राहिलं आणि मन भलतीकडं गेलं. बावन्न काय, साठ काय, हे सगळे दुसऱ्यांचे आकडे. तिला पाहिजे होता एकाच माणसाचा. हा माणूस आपल्यासाठी किती गूळ हातातून सोडेल? गुडघ्याचं दुखणं कालचं होतं, हे दुखणं वीस वर्षांचं. त्याला जितका परवडेल तितकी मी होईन, तिनं ठरवलं. तो चाळीस म्हणाला तर चाळीस. देवीचं फिटेल, गुडघे सुटतील, आणि आपली किंमत काय ते एकदाचं कळेल.

पण मागायचं तर नाही. तिनं आडून विचारलं.

"आव, समजा कुणाला रेणुकाईला गूळ वाटायचा असला, तर किती वाटावा?"

पुंजारामचा घास तोंडाशी थांबला. "कोण वाटून राह्यलं?"

"कुणी न्हाई. समजा."

"सव्वा किलो. लई झाला."

सव्वा किलो म्हणजे तिचं उजवं पाऊल. बाकीची गोजरबाई काय भोकरदनच्या फाट्यावर सोडून जायची?

"अन् नवस मोठा असला तर?"

"मोठा म्हंजी केवढा?"

"माणसाएवढा."

पुंजाराम ताटावरून उठला. बैलाला पाणी दाखवायचं राहिलं म्हणाला आणि बाहेर गेला. बैल त्यांनी दुष्काळातच विकला होता.

याहून पुढं विचारलं असतं तर ते मागणं झालं असतं. पण बायकांचा एक जुना कायदा आहे, की जात्यावर बोललेलं बोलणं धरत नाहीत. जात्यावर सासूला शिवी देता येते, नवऱ्याला भिकेला लावता येतं, देवाचा कान धरून त्याला उन्हात उभं करता येतं. पीठ भरून झालं की सगळं माफ. गावात गिरणी आलेली, जातं कोपऱ्यात कोंबडीची बैठक झालेलं. गोजरबाईनं कोंबडी हाकलली, जातं धुतलं आणि डॉक्टरनं मेहनत सांगितलीय असं जाहीर केलं.

"गिरणीवाल्याच्या पोटावर पाय दिलास वैनी," उषाबाई म्हणाली. "अन् पाय तरी केवढा."

पहाटे घरघर सुरू झाली, आणि तिच्यावर गळा चढला.

भरल्या दुकानात, गुळाची लागली रास
देवीला घडीवला उपास, माझ्या घरच्या धन्यानं.

भिंतीपलीकडं पुंजाराम दातण करायचा. दातण थांबल्याचं तिला ऐकू आलं. तिनं मूठभर ज्वारी टाकली.

बोल बोलला भरभरून, तोंडाला न्हवतं कुलूप
आता बसला गं चूप, माझा शहाणा येपारी.

चूळ भरल्याचा आवाज फार वेळ येत राहिला.

ती दळत राहिली. एक भाकरी कमी केली, गुळाचा चहा सोडला, ओढ्यापर्यंत चालत जाऊन येऊ लागली. ओढ्याकाठच्या म्हशी आधी तिला बघून वाट द्यायच्या, पुढं पुढं देईनाशा झाल्या. तेव्हा तिला वाटलं, उतरतंय. चोळी सैल झाली. मनगटात रुतलेल्या बांगड्या सुटून कोपराकडं चढायला लागल्या, दळताना किणकिणायला लागल्या. जाफराबादचा काटा आता चौऱ्याऐंशीवर थांबायचा, आणि दम न खाता.

गल्ली खूश झाली. पुंजाराम तेवढा उतरत चालला, आणि तो वजनानं नव्हे, तोंडानं. लग्नात सासऱ्याच्या मांडवातून लाडवांचा चुरा फडक्यात बांधून आणलेला हा माणूस. आता बाजाराला गेला की शेवेचा पुडा आणायचा, रेवड्या आणायचा, एकदा तर जालन्याहून पेढे आले. पुडा तिच्यापुढं ठेवून तो खांबासारखा उभा राहायचा.

"खाय की."

"नको. आकडा धरायचाय मला."

"धर की, पर जल्दी जल्दी नको."

एके दिवशी ती जात्याशी बसलेली असताना त्यानं येऊन तिच्या कपाळाला हात लावला. वीस वर्षांत नाही लावला तो.

"ताप तर न्हाई ना तुला?"

"ताप कशाचा? वजन उतरून राह्यलंय."

तो हात धोतराला पुसून निघून गेला, जसं काही चोरताना सापडला होता. गोजरबाईनं जात्याचा खुंटा धरला, पण फिरवला नाही. तिला सगळं उलटं दिसायला लागलं. वजन उतरलं तर नवस स्वस्त पडतो. मग ह्याचं तोंड का पडावं? म्हणजे ह्याला तो स्वस्तातही नको आहे. ज्याचा भाव उतरला तरी गिऱ्हाइक हात लावत नाही असा माल तिनं दुकानात पाहिला होता. किडका हरभरा. तो जनावरांना घालतात.

त्या दिवशी तिला ओवी सुचली नाही.

बाजारच्या दिवशी सकाळी गुळाची गाडी आली. दुकानात भेलींची रास लागली, आढ्याला मोठा काटा टांगला गेला, साखळ्यांना दोन पारडी. गिऱ्हाइकं यायची होती. हमाल मच्छिंद्र भेली रचत होता आणि पुंजाराम गल्ल्याला उदबत्ती ओवाळत होता, तेवढ्यात गोजरबाई पायरी चढून आली, पदर खोचला आणि एका पारड्यात मांडी घालून बसली. साखळ्या करकरल्या. दुसरं पारडं आढ्याकडं गेलं.

"काकू, हे काय करून राह्यल्या?" मच्छिंद्रनं विचारलं.

"मला माझा आकडा पाहिजे. तू तिकडं गूळ टाक. मालक बस म्हणतील तिथं थांब. तितकीच होईन मी."

मच्छिंद्रनं मालकाकडं बघितलं. मालकाच्या हातात उदबत्ती होती आणि तोंडात जीभ नव्हती. मच्छिंद्रनं पारडं खाली ओढून भेली ठेवली.

"लाभ," तो म्हणाला. मापाची सुरुवात एकानं करत नाहीत, पहिल्याला लाभच म्हणतात. "दोन. तीन."

गोजरबाई नवऱ्याच्या तोंडाकडं बघत होती. इथं बस म्हणेल. आता म्हणेल. पाच झाल्या, सात झाल्या, तो काही म्हणेना. दहा गेल्या. मच्छिंद्रचा सूर लागला होता, भेली चढत होत्या, गुळाचा वास सगळ्या पेठेत चालला होता. दारात उषाबाई येऊन उभी राहिली. गोजरबाईच्या छातीत काहीतरी हलकं हलकं व्हायला लागलं. हा थांबवत नाही. हा सगळीच्या सगळी घेतोय.

आणखी एक भेली गेली तसं तिच्या खालचं पारडं जमिनीवरून सुटलं. किती वर्षांनी कुणी तिला उचललं होतं. दोन्ही पारडी एकमेकींकडं बघत हलायला लागली, दांडी सरळ व्हायला बोटभर राहिली, आणि पुंजारामनं उदबत्ती टाकली, झेप घेतली आणि वरची एक भेली काढून छातीशी धरली. गोजरबाई धप्पकन जमिनीवर आली.

उषाबाईनं तोंडाला पदर लावला. मच्छिंद्रला परसदारी सुतळी आणायची आठवण झाली.

"एका भेलीसाठी?" गोजरबाई म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. "एवढं सगळं टाकलं, अन् एका भेलीवर जीव अडकला तुमचा?"

पुंजाराम खाली बसला, तिच्या पारड्यापाशीच, भेली मांडीवर घेऊन. लेकरू घ्यावं तशी.

"मला म्हाईत हाय तू त्या दिशी ऐकलंस," तो म्हणाला. "रोज जात्यावर ऐकून राह्यलो."

"मंग?"

त्यानं उषाबाईकडं बघितलं. "हिला इचार. दादाला असाच ताप आल्ता."

दादा म्हणजे धर्मराज, त्या दोघांचा थोरला भाऊ. गोजरबाई या घरात यायच्या आधीच गेलेला, म्हणून तिला फक्त नावापुरता ठाऊक. उषाबाईनं मान हलवली आणि पदर तोंडावरून डोळ्यांकडं नेला.

"बापानं नवस केला," पुंजाराम म्हणाला. "दादा उठला. बापानं पंधरवड्यात फेडला, भारंभार, बिलकुल बराबर, दांडी सरळ. साल भरलं न्हाई अन् दादा गेला. मी दुकानदार माणूस हाय, गोजरा. ज्याच्याकडं आपलं येणं राह्यलेलं असतं त्याच्या दारावरनं आपुन रोज जातो. जिता हाय का, खातो का, खोकला तर न्हाई ना, बघतो. चुकता झाला की त्याला कोण पुसतं? म्हणून मी मुद्दाम फेडला न्हाई. देवीनं रोज तुझ्या दारावरनं जावं म्हणून. तू उतरायला लागली, तसं मला ते तापातलं अंग दिसायला लागलं. तू साठ हो, पन्नास हो, गुडघ्याला सोसंल तितकी हो, आकडा तुझा तू धर. हा सगळा गूळ आजच पिंपळगावला नेऊ, वाटू. पर ही एक भेली मी देणार न्हाई. मी जिता हाय तवर देवीचं तुझ्यापाशी काहीतरी राह्यलेलं असू दे."