भोपळ्याच्या दातांतली दोरी

मी एक जुनी दोरी आहे, कुत्र्याला फिरायला नेतात ती. माझे पदर उसवले आहेत आणि अंगभर दातांच्या खुणा आहेत. मित्रांनो, दोरीला रागावणं शोभतं की नाही, मला ठाऊक नाही. नसेलही शोभत. पण मला राग आला आहे आणि तो आता गिळवत नाही.

पट्टे शिवणाऱ्या एका कारागिराच्या दुकानात माझा जन्म झाला. त्यानं जाड सुताचे पदर मेणाच्या दोऱ्यानं शिवले, टोकाला पितळी कडी बसवली आणि मला पायाखाली धरून असं ताणलं की जीव जातो की काय असं वाटलं. "ही दगा देणार नाही," तो म्हणाला. ते शब्द मी मनात जपून ठेवले.

मला विकत घेतलं दातांच्या एका डॉक्टरांनी. घरात त्यांची बायको, शाळेत जाणारी मुलगी आणि नुकतंच आणलेलं एक गोलमटोल पिल्लू होतं. त्याचं नाव भोपळ्या. त्याला दात येत होते आणि घरातली एकही चप्पल धड राहिली नव्हती. डॉक्टरांनी मलाच त्याच्या तोंडात दिलं.

"हिरड्या शिवशिवतात बिचाऱ्याच्या. चावू दे."

मग दुसरं टोक धरून ते ओढायचे. भोपळ्या पाय रोवून गुरगुरायचा. "पकड बघ पकड! एकेक दात पक्का!" डॉक्टर खूश व्हायचे. मायलेकी टाळ्या वाजवायच्या. मी लाळेनं चिंब व्हायचे, तरी खरं सांगते, मलाही तेव्हा मजाच वाटायची.

भोपळ्या वाढला. रस्त्यावर आला की आनंदानं मला दातांत धरू लागला. घरात ज्याचं कौतुक, तोच बाहेर गुन्हा ठरला! डॉक्टर मला मुठीभोवती गुंडाळून हिसके देत. हिसका बसला की भोपळ्याला वाटे, खेळ सुरू झाला. तो आणखी घट्ट धरी. समोरचा शिंपी दुकानातून ओरडे, "काय डॉक्टर, घरच्या पेशंटला भूल द्यायची राहिली वाटतं!"

डॉक्टरांचे कान लाल होत. एका संध्याकाळी घरी येताच त्यांनी माझी कडी सोडली आणि त्याच कडीनं भोपळ्याच्या पाठीवर सपासप मारलं. मित्रांनो, मला हात असते तर मी तो हात धरला असता. सांभाळायला शिवलेल्या मला त्यांनी चाबूक केलं!

दुसऱ्या दिवशी मला खुंटीवरून काढताच भोपळ्या भिंतीला चिकटला. त्यानं दात दाखवले. डॉक्टरांनी तरीही गळ्यातला पट्टा धरून त्याला ओढलं, आणि तो त्यांच्या हाताला कडकडून चावला.

हाताला बँडेज आलं, दवाखाना बंद राहिला. दगडांच्या वखारीवाल्याला राखणीसाठी कुत्रा हवा होता. साखळीला बांधून ठेवणार होता तो. भोपळ्याला त्याच्याकडे द्यायचं ठरलं.

डॉक्टरांची थोरली बहीण हात बघायला आली आणि रस्त्यावरच्या ओढाओढीपासून मारापर्यंत सगळं तिनं ऐकून घेतलं. तिच्या घरी जन्मभर कुत्री होती.

"ह्याला ओढाओढी शिकवली कोणी?" तिनं विचारलं.

मुलगी म्हणाली, "बाबांनी, आत्या. आम्ही टाळ्या वाजवायचो."

"मग मार कोणी खायचा होता रे?"

"ताई, पुरे."

"पुरे कसं? पेशंट घाबरून तुझं बोट चावतो, त्याला दोरीनं बडवतोस का?"

डॉक्टरांनी वखारीवाल्याला पुढच्या महिन्यात यायला सांगितलं आणि आत्या त्यांना शिकवू लागली. "त्यानं दोरी धरली की ढील दे. खांबासारखा उभा राहा. ओढणारंच कोणी नसलं, की खेळ संपला. सोडली की शाब्बास म्हण, खाऊ दे, पुढे चाल. चावायला त्याला चिंध्यांचा चेंडू दे."

डॉक्टर विसरत. हिसका देत. भोपळ्या गुरगुरे. पुन्हा पहिल्यापासून.

महिना सरला. आम्ही फिरायला निघालो, तोच दारात साखळी खळखळली. भोपळ्यानं घाबरून मला दातांत धरलं आणि तो गुरगुरू लागला.

"द्या इकडे. दोन फटक्यांत सरळ करतो," वखारीवाला म्हणाला.

डॉक्टरांची मूठ आवळली. मी हिसक्याची वाट पाहत राहिले. पण मूठ सैल झाली. डॉक्टर खांबासारखे उभे राहिले. भोपळ्यानं वर पाहिलं. गुरगुर थांबली. मी त्याच्या तोंडातून गळून पडले.

"शाब्बास," डॉक्टर म्हणाले. मग वखारीवाल्याकडे वळले. "साखळी घेऊन जा तुमची."

सगळे म्हणतात, शेवट गोड झाला. झाला असेल. भोपळ्या आता छान चालतो. पण मला काढायला डॉक्टरांचा हात खुंटीकडे जातो, तेव्हा तो अजूनही मान आत ओढून डोळे मिटतो. मला बघून मिटतो, मित्रांनो! दातांच्या खुणांचं मला काही वाटत नाही. हे मात्र सहन होत नाही.

कधी तुमच्या मुक्या सोबत्याचा राग आलाच, तर आधी माझ्यासारखीला खुंटीवर अडकवा. हात रिकामा होऊ द्या. आणि मग स्वतःला विचारा, हे त्याला शिकवलं कोणी?