माणसाशिवाय आलेली पेटी

मी एक जुनी काळी पेटी आहे. पत्र्याची, दोन कड्यांची, एका कोयंड्याची. मित्रांनो, काळी पेटी म्हटल्यावर तुम्हाला विमानातली आठवली असेल, तर ती मी नव्हे. तिला शोधायला माणसं धावत सुटतात. मी फौजी पेटी. मला एकटीला बघितलं की माणसं घरात जाऊन दार लावून घेतात. का, तेच सांगायला बसले आहे. बसले आहे म्हणजे ठेवलेली आहे; पेटीला आपण होऊन बसता येत नाही.

एका पायदळ डिव्हिजनच्या छावणीला लागून बाजार होता, तिथल्या पत्रेवाल्याने मला ठोकून तयार केलं. डिव्हिजनचा नंबर सांगणार नाही. फौजेत गुपित म्हणजे गुपित. तो नंबर छावणीच्या फाटकावर हातभर आकड्यांत रंगवलेला होता आणि समोरच्या न्हाव्याने आपल्या दुकानालाही तोच दिला होता, ही गोष्ट वेगळी.

डिव्हिजन म्हणजे हजारो माणसं, त्यांच्या पलटणी, तोफा, गाड्या, स्वयंपाकाची भांडी आणि या सगळ्यांवर एक जनरलसाहेब. तिचा इतिहास मला पुस्तकातून कळला नाही. सामानाच्या कोठीत माझ्याहून जुन्या पेट्या होत्या, जवान कवायतीला गेले की त्या बोलायच्या. त्यांतली बिजागरी तुटलेली म्हातारी सांगायची, डिव्हिजन उभी राहिली तेव्हा एका आमराईत एक तंबू, एक टेबल आणि तार न जोडलेला एक टेलिफोन, एवढीच होती. हळूहळू बराकी झाल्या. छपरं चढली त्या आठवड्यात हुकूम आला, वाळवंटात चला. वाळवंटात डाळीत वाळू की वाळूत डाळ हे ठरेपर्यंत हुकूम आला, डोंगरावर चला. प्रत्येक ठाण्यावर पहिलं काम मात्र एकच. रस्त्याकडेचे दगड गोळा करायचे आणि त्यांना चुना लावायचा. शत्रू आला तर येऊ दे, दगड पांढरे पाहिजेत. आज त्या माळांवर गेलात तर डिव्हिजन दिसणार नाही, पण चुन्याच्या दगडांची रांग अजून सरळ उभी आहे.

एवढं सांगून म्हातारी गप्प व्हायची. मग आवाज खाली आणून एक गोष्ट सांगायची, ती ऐकून माझा पत्रा गार पडायचा. लढाई संपल्यावर कोठी उघडली. सगळे जवान आपापली पेटी घेऊन गेले. काही पेट्या तिथेच राहिल्या. त्यांना न्यायला कोणी आलंच नाही.

मला विकत घेतलं डिव्हिजनमधल्या एका जवानाने, आण्णांनी. ते कोल्हापूरपासून जवळच्या एका गावचे. या गावात घरटी एक फौजी. सुट्टीवर आलेला गडी आपली पेटी आपल्या खांद्यावर घेऊन वेशीतून चालत येतो, मग त्याला कितीही मोठी गाडी स्टँडवरून सोडायला आलेली असो. तशी इथली रीतच. पेटी परक्या खांद्यावरून आली, की गडी गेला असं समजून बाया चुलीतलं लाकूड मागे ओढतात.

मी एकदा तशी आले होते. डिव्हिजन बर्फात होती, आण्णांच्या चौकीवर कडा कोसळला आणि दोन जवानांनी मला या दारात आणून ठेवलं. ज्ञानू, आण्णांचा मुलगा, तेव्हा रांगत होता. आण्णांच्या पत्नी, चिमणाबाई, त्या जवानांपुढे रडल्या नाहीत. त्यांना चहा करून दिला. मला माळ्यावर टाकलं. पुढे कितीतरी वर्षं माझ्यात भुईमुगाचं बियाणं आणि ते खाणारे उंदीर असा संसार होता.

ज्ञानू मोठा झाला आणि आईला न सांगता भरतीला पळून आला. पळून म्हणजे खरोखरच, भरतीत पळवतातच. पलटणीत जाताना मलाच घेऊन निघाला. "दुसरी घे की रं, बाजारात पेट्या मेल्यात व्हय?" असं चिमणाबाई म्हणाल्या. त्याने ऐकलं नाही. आण्णांच्या नावाखाली आपलं नाव रंगवलं. पलटणी या डिव्हिजनमधून त्या डिव्हिजनमध्ये जात असतात. फिरत फिरत त्याची पलटण नेमकी आण्णांच्याच डिव्हिजनखाली आली. मला आनंद झाला. चिमणाबाईंना कळलं तेव्हा त्या दिवसभर जेवल्या नाहीत.

यंदा उन्हाळ्यात सीमेवर गडबड सुरू झाली. डिव्हिजनला पुढे सरकायचा हुकूम आला. मोबाईल जमा करा, जादा सामान घरी पाठवा. ज्ञानूने हाताला येईल ते माझ्यात कोंबलं, कुलूप घातलं आणि पलटणीतल्याच कबनूरच्या सम्राटच्या हवाली केलं. सम्राटची बायको बाळंतपणाला टेकली होती, म्हणून त्याला रजा मिळाली होती. कोल्हापूर स्टेशनाबाहेर त्याला आमच्या गावच्या पिराजीचा दुधाचा टेंपो दिसला. "ज्ञानूच्या घरात टाक. डिव्हिजन पुढं सरकलीय, जादा सामान घरी धाडायचा हुकूम हाय. त्यो बरा हाय म्हणून सांग आईला," एवढं बोलून तो इचलकरंजीच्या गाडीत चढला.

पिराजी भर दुपारी पोचला. चिमणाबाई शेतात, घराला कडी, गल्लीत चिटपाखरू नाही आणि टेंपोत दूध. संध्याकाळी सांगू म्हणून त्याने मला उंबऱ्यावर ठेवलं आणि तो गेला. मित्रांनो, त्याचं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. दूध नासलं असतं.

पहिल्यांदा मला बघितलं हौसाबाईंनी. त्या चिमणाबाईंच्या धाकट्या जाऊ. शेजारीच राहतात आणि बांधावरच्या शेवग्यावरून दोघींचं भांडण फार जुनं. त्या खरकटं पाणी टाकायला बाहेर आल्या, मला बघितलं आणि भांडं हातातून सुटलं.  भांड्याच्या आवाजानेच गल्ली जमली. कोणी जवळ येईना. सगळे मला असे बघत होते, जणू मी फणा काढला आहे.

बाळासो सुभेदार आले. फौजेतून निवृत्त झालेले, मिशी अजून नोकरीत.

"कुणी आणली?"

"कुणास ठावं."

"संगं कोण हुतं?"

"कोण न्हाय. एकटीच हाय."

"एकटी पेटी फौज धाडत न्हाय," सुभेदार म्हणाले. "दोन माणसं येत्यात, आदी साहेबाचा फोन येतो. नियम हाय."

"मग ही काय चालत आली व्हय, सुभेदार?"

यावर नियम नव्हता. सुभेदारांनी सैनिकांच्या ऑफिसला फोन लावला. रविवार होता. फौजेला रविवार नसतो, ऑफिसला असतो. ज्ञानूचा फोन तर कधीचाच बंद. तरी सुभेदारांनी तोच नंबर पुन्हा लावला.

मला ओरडून सांगायचं होतं, अहो, मला ज्ञानूनेच भरलं, स्वतःच्या हाताने! पण पत्र्याला वाचा नसते. आणि खरं सांगू? मी तिथून निघाल्यावर पुढे काय झालं ते मला तरी कुठे ठाऊक होतं? कोठीतल्या म्हातारीचे शब्द माझ्या पोटात घुमायला लागले.

"आदी ही आत घ्या. आक्का शेतातनं यायच्या आत," हौसाबाई म्हणाल्या. 

चौघांनी मला हौसाबाईंच्या गोठ्यात नेलं आणि वर कडबा टाकला. म्हशीने मला हुंगलं आणि ती खुंट्याला हिसके देत मागे सरली. तिलाही कोणीतरी सांगितलं असावं.

चिमणाबाई डोक्यावर गवताचा भारा घेऊन आल्या. मग गल्लीने जे केलं, त्याहून मोठी चूक करता आली नसती. सगळे चांगले वागले. एकाने धावत जाऊन भारा उतरून घेतला. दुसऱ्याने पाय धुवायला पाणी दिलं. कोणाच्या घरात टीव्ही लागेना, कोणी पोराला शिवी देईना. आणि हौसाबाई चहा घेऊन आल्या.

चिमणाबाईंनी कपाकडे बघितलं. "काय घातलंयस ह्यात? इख?"

"प्या की वो, आक्का."

"आक्का? परवा शेवग्याखाली भवानी म्हणालतीस की मला."

 एरवी गल्ली डोक्यावर घेणाऱ्या हौसाबाई खाली मान घालून उभ्या. चिमणाबाईंनी कपबशी खाली ठेवली.

"हौसा," त्या हळूच म्हणाल्या, "आज माझ्याशी कोण भांडत का न्हाय?"

 सुभेदार आपल्या चपलांकडे बघत होते. चिमणाबाईंनी एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. कोण, काय, कधी, काहीही विचारलं नाही.

"कुठं हाय?"

हौसाबाईंची नजर गोठ्याकडे गेली.

चिमणाबाईंनी माझ्यावरचा कडबा ओढला. माझ्यावरच्या दोन नावांवरून हात फिरवला, आधी वरच्या, मग खालच्या. तो हात इतका गार होता की उन्हाळ्यातही माझ्या पत्र्याला शहारा आला. मागे हौसाबाईंनी हंबरडा फोडला.

"गप! पहार आण."

"वैनी, थांबा," सुभेदार म्हणाले. "साहेबाचा फोन येऊ दे..."

"पहार आण म्हणते न्हवं!"

त्यांनी घातला तसा घाव मला आयुष्यात कोणी घातला नव्हता. कोयंडा पिळवटून निघाला. माझी तक्रार नाही. झाकण उघडलं आणि आतून जो भपकारा आला, त्याने पुढे सरकलेली माणसं पुन्हा मागे गेली. सुभेदारांनी नाकाला रुमाल लावला. घामाने ताठ झालेली बनियनं, ओलाच कोंबलेला टॉवेल, अर्धा खाल्लेला बिस्किटाचा पुडा आणि चिखलाचे मोजे.

चिमणाबाईंनी एक मोजा उचलला आणि नाकाशी धरला. डोळे मिटून खोल वास घेतला. बाईचं डोकं फिरलं, असं सगळ्यांना वाटलं. हौसाबाई त्यांना धरायला पुढे झाल्या.

"सोड मला. ह्यांची पेटी आलती तवा सगळी कापडं धुतल्याली हुती, हौसा. इस्त्री केल्याली. घडीवर घडी. आयुष्यात कदी ह्यांनी सदऱ्याची घडी घातली नव्हती. झाकण उघडलं, साबणाचा वास आला आन् मला कळलं, ह्यो माणूस आता न्हाय." त्यांनी मोजा वर धरला. "आन् ह्यो बघा! ह्यो काय फौजेनं भरलाय? ह्यो माझ्या गाढवानंच कोंबलाय. पेटी भरली तवा जित्ता हुता. जित्ता हाय!"

आणि त्या हसायला लागल्या. हसता हसता शेणातच बसल्या. हौसाबाई त्यांच्या गळ्यात पडल्या. म्हैस एकदाची खाली बसली.

संध्याकाळी पिराजीचा टेंपो आला. त्याने निरोप तोंडातून काढेपर्यंत हौसाबाईंनी खराट्याने त्याचं स्वागत केलं. पिराजी ओरडला, "आवं, ज्ञानू बरा हाय म्हणाला की त्याचा दोस्त! डिव्हिजन पुढं सरकली, जादा सामान घरी धाडा म्हणून हुकूम आलता!"

"पुढं म्हंजे कुठं?" सुभेदारांनी विचारलं.

"पुढं म्हंजे पुढं. मला दूधवाल्याला कोण सांगतंय?"

 पुढे म्हणजे काय, हे या गावात कोणाला समजावून द्यावं लागत नाही.

हौसाबाईंनी मोजे गोळा केले. "आणा आक्का, मी धुते."

"हात लावू नगंस. त्यो ईल आन् त्योच धुईल. तंवर हितंच ऱ्हातील."

त्याला आता बरेच दिवस झाले. फोन अजून आलेला नाही. मी चिमणाबाईंच्या खाटेजवळ आहे. रोज त्या माझं झाकण बोटभर उघडतात, वास घेतात आणि घाईने बंद करतात, जास्त उडून जाऊ नये म्हणून. परवापासून मात्र मला धडकी भरली आहे. माझ्या तळाला गंज धरलाय. एका कोपऱ्यात सुईएवढं भोक पडलंय आणि तिथून वास थोडा थोडा जातो आहे. चिमणाबाईंना ते दिसत नाही.

मित्रांनो, जुन्या पेटीकडे कोण वाकून बघतो! पण तुमच्यापैकी कोणी आमच्या गावाकडे आलंच, तर डबाभर काळा रंग घेऊन या. झाकणावरची नावं चांगली आहेत, तिथे लावू नका. मला उलटं करा आणि तेवढं भोक बुजवा. फक्त जरा लवकर या.