राहू द्या

बायको सोडून सगळं गाव त्यांना वसुलीराव म्हणे. बायको 'अहो' म्हणे, आणि फारच राग आला तर 'कारागीर'.

पाणीपट्टी थकवणाऱ्यांच्या दारात उभं राहून पैसे काढण्यात वसुलीरावांची सगळी नोकरी गेली. लोकांनी त्यांच्यावर कुत्री सोडली होती, 'साहेब घरात नाहीत' असं खुद्द साहेबांनीच दाराआडून सांगितलं होतं, एका म्हातारीने पैशांऐवजी तासभर रडून दाखवलं होतं. तरी वसुलीराव रिकाम्या हाताने परतले असं क्वचितच झालं. निरोपसमारंभात वरिष्ठ म्हणाले, "या माणसाने दगडातून पाणी काढलं आणि त्या पाण्याची पट्टीही काढली." त्या खात्यात हा फार वरच्या दर्जाचा विनोद समजला गेला.

असा हा माणूस निवृत्त झाल्यावर नक्षीची करवत घेऊन बसला आणि स्वतःच्या कामाचा छदामसुद्धा त्याला कुणाकडून काढता येईना. दिव्याखाली अंधार म्हणतात तो किती दाट असतो, हे वसुलीरावांना स्वतःकडे बघूनच कळलं.

करवत म्हणजे हातात धरून ओढायची ती नव्हे. मागच्या खोलीतल्या खिडकीपाशी टेबलावर बसवलेलं ते विजेचं यंत्र होतं. वर एक लोखंडी दांडा, खाली एक, आणि दोघांच्या मध्ये ताणून बसवलेलं केसाएवढं बारीक पातं, शिवणयंत्राच्या सुईसारखं खालीवर होणारं. पातं जागच्या जागी नाचतं आणि आपण फळी फिरवायची. वसुलीराव दिवसदिवस फळी फिरवत बसत. पलीकडच्या खोलीत बायको कपडे शिवायची. तिच्या मते घरात करवत आलेलीच नव्हती, सवत आली होती. "सवतीला तेल पाजलंत का?" असं ती गिऱ्हाइकांसमोरसुद्धा विचारायची.

सवत काही कमवत नव्हती, ही तिची खरी तक्रार. मेव्हण्याला किल्ल्या अडकवायला लाकडी मासा करून दिला. शेजाऱ्यांना घराच्या नावाची पाटी दिली. जुन्या वरिष्ठांच्या नातीला तुकडे जुळवायचं हत्तीचं कोडं दिलं. प्रत्येकाने रीतसर विचारलं, "किती झाले?" आणि प्रत्येकाला वसुलीरावांनी हात हलवत सांगितलं, "राहू द्या हो." लोकांनी राहू दिलं. लोक इतके आज्ञाधारक असतात, हे उभ्या नोकरीत त्यांच्या लक्षात आलं नव्हतं.

बायकोचं तसं नव्हतं. तोंडातल्या टाचण्या काढायच्या आधी ती आकडा सांगून मोकळी व्हायची. टाचण्यांमधून आलेल्या आकड्याशी घासाघीस करायला कुणी धजत नसे.

शेवटी एकदा तिनेच अट घातली. बाजारातला एक शिंपी दुकान बंद करत होता आणि त्याचं इंटरलॉकचं यंत्र स्वस्तात देत होता. ते आलं तर कपड्यांच्या कडा बाहेर शिवायला द्यायला नकोत. फक्त ते ठेवायला जागा हवी, आणि उजेडाची जागा म्हणजे ती मागची खिडकी.

"पुढची जी काही ऑर्डर येईल, तिचे पैसे घरात आले तर सवत राहील," ती म्हणाली. "नाही आले तर ती भंगारात आणि माझं यंत्र खिडकीत. लष्कराच्या भाकऱ्या पुष्कळ भाजून झाल्या."

अट रास्त होती. वसुलीराव स्वतः न्यायाधीश असते तर त्यांनीही हाच निकाल दिला असता, शिवाय आरोपीला दंड केला असता. ते "बरं" म्हणाले आणि खोलीत जाऊन करवतीला तेल घालत बसले. ती गेली तर आपण दिवसभर काय करणार, हा विचार मनात आला आणि तेल टेबलावर सांडलं.

पुढची ऑर्डर आली ती दातांच्या डॉक्टरीणबाईंकडून, आणि तीही वसुलीरावांचा जबडा उघडा असताना. त्यांच्या दाढेत दोन्ही हात घालून बाई म्हणाल्या, "काका, तुम्ही लाकडी पाट्या करता ना? मला 'दंतवैद्य' अशी करून द्याल का? अगदी साधी, छानशी." वसुलीराव म्हणाले, "आं." भावाची बोलणी या अवस्थेत जेवढी होतात तेवढी झाली. मग बाईंनी दाढ भरल्याचा आकडा सांगितला आणि वसुलीरावांनी तोंड मिटायच्या आत पाकीट काढलं. दात कोरून पोट भरत नाही म्हणणाऱ्याने हा दवाखाना पाहिलेला नसावा, असं घरी येताना त्यांना वाटलं.

काम मात्र त्यांना मनापासून आवडलं. आपली अक्षरं शिरोरेषेला लटकलेली असतात, त्यामुळे अख्खा शब्द एका फळीतून एकसंध निघतो. अडचण एवढीच की अनुस्वार कुणालाच लटकत नाही. तो सुटा कापायचा आणि मागे पातळ पाठफळी लावून तिच्यावर चिकटवायचा. वसुलीरावांनी अवघड ते आधी उरकावं म्हणून अनुस्वारच पहिला कापला आणि यंत्राच्या टेबलावर बाजूला ठेवला. मग 'व'च्या पोटातलं भोक घेतलं. आतलं भोक कापायला फळीला छिद्र पाडायचं, पातं सोडवायचं, छिद्रातून ओवायचं आणि पुन्हा बसवायचं. ते त्यांनी केलं आणि बटण दाबलं.

फळी पिसाळली. खाली बसायला तयार होईना, थाडथाड उड्या मारायला लागली. यंत्र, टेबल आणि वसुलीराव असे तिघंही थरथरले. बटण सापडून बंद करेपर्यंत अनुस्वार कुठेतरी उडाला होता.

पुढे दोन दिवस मागच्या खोलीत जे चाललं त्याला ते स्वतः दुरुस्ती म्हणत. त्यांनी यंत्राच्या खाली कागद घातले, कागद काढले. स्प्रिंग बदलली. मग अख्खं यंत्र सोडून जुन्या चादरीवर मांडलं आणि स्क्रू बायकोच्या बटणांच्या डबीत ठेवले. परत जोडल्यावर एक स्क्रू, एक वॉशर आणि तीन बटणं उरली. बटणं कुठली हे कळलं. मोटर काखोटीला मारून वाइंडिंगवाल्याकडे नेली. त्याने ती चालवून पाहिली, "ठणठणीत आहे," म्हणाला आणि त्याच दमात तपासल्याचे पैसे सांगितले. सांगताना तो दुसऱ्याच पंख्याकडे बघत होता. या माणसाची शिकवणी लावावी, असं वसुलीरावांना वाटलं.

घरी येऊन मोटर बसवली. यंत्र पुन्हा थाडथाड उडालं.

"कंपनीने माल खराब दिलाय," ते म्हणाले.

"नाचता येईना अंगण वाकडं," बायको दारातून म्हणाली. हातातला पायजमा तिने खांद्यावर टाकला आणि यंत्राकडे बघत राहिली. "सुई उलटी नाही ना बसली?"

"सुई नाही ती. पातं."

"तेच ते. माझी सुई उलटी बसली की टाके सुटतात."

"अगं, शिवणयंत्र वेगळं आणि हे वेगळं. यात कंपन असतं, ताण असतो. तुला नाही कळायचं ते."

"मला कुठलं कळायला," ती म्हणाली आणि गेली.

ती गेल्याची खात्री करून वसुलीरावांनी चष्मा पुसला आणि पात्यावरून वरून खाली हलकेच बोट फिरवलं. बोटाला दाते लागले. ज्या दात्यांनी खाली तोंड करून फळीला टेबलावर दाबून धरायचं, ते सगळेच्या सगळे छताकडे बघत होते. यंत्राने दोन दिवस फळी वर उचलून दिली यात यंत्राचा काही दोष नव्हता. ते बिचारं सांगितलं तसं वागत होतं.

त्यांनी पातं काढून सुलटं बसवलं. बटण दाबल्यावर करवत मांजरीसारखी गुरगुरायला लागली. त्यांनी ती लगेच बंद केली आणि अब्रूसाठी आणखी थोडा वेळ पान्याने टेबलाच्या पायावर ठोकठोक केली.

"झालं का?" पलीकडून आवाज आला.

"बेअरिंगमध्ये दोष होता. काढला."

"हो का," बायको म्हणाली, आणि शिवणयंत्र पुन्हा चालू झालं.

अनुस्वार सापडलाच नाही. त्यांनी नवा कापला. एवढुसा गोल कापणं सगळ्यात अवघड, बोटं पात्याच्या अगदी जवळ जातात आणि श्वास रोखून धरावा लागतो. तो तळहातावर घेऊन त्यांनी खिडकीपाशी पाहिला. गोल होता. नोकरीत इतकी वर्षं काढून आपण कधी एकही गोष्ट केली नव्हती, फक्त आणली होती, असं त्यांना त्या वेळी वाटलं आणि उगाच डोळे भरून आले. लाकडाचा भुसा गेला असेल, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. स्वतःला ते पटलं नाही.

पाटी पॉलिश होऊन वाळली तेव्हा त्यांनी बायकोला विचारलं, "किती सांगू?"

तिने बोटांवर हिशेब केला. "फळी, पाती, पॉलिश, तुमचे दिवस. दुरुस्तीचे धरत नाही, तो तुमचा शौक. अठराशे."

"अठराशे ऐकून चेहरा पडेल गं त्यांचा."

"पडू दे की."

मग वसुलीरावांनी जे कधी बोलून दाखवलं नव्हतं ते बोलून दाखवलं. "मी सगळी नोकरी पडलेले चेहरेच बघितलेत. दार उघडताना माणूस हसत असतो आणि मी आकडा सांगितला की ते हसू जातं. पाटी हातात घेताना लोक माझ्याकडे बघून हसतात. नोकरीत असं कुणी हसलं नाही. ते जाऊ नये असं वाटतं, म्हणून तोंडातून निघून जातं."

बायकोने पाटी उचलून उजेडात धरली. मग म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकांचेही पडतात. पुढच्या वेळी येताना परत उचलून आणतात. भीड भिकेची बहीण असते, एवढं लक्षात ठेवा."

वसुलीरावांनी सराव केला. आरशासमोर अठराशे म्हटलं, करवतीसमोर म्हटलं, नळ सोडून त्या आवाजात मोठ्याने म्हटलं. आकडा तोंडात चांगला बसला.

डॉक्टरीणबाई संध्याकाळी दवाखान्यात जाता जाता आल्या. पाटी बघून त्या खरंच हरखल्या. शिरोरेषेवरून त्यांनी बोट फिरवलं, ते अनुस्वारावर येऊन थांबलं. "काय सुरेख झालीय हो, काका," त्या म्हणाल्या आणि वसुलीरावांकडे बघून हसल्या. अगदी तेच हसू. "किती द्यायचे?"

पलीकडे शिवणयंत्र थांबलं.

"राहू द्या," वसुलीराव म्हणाले.

शब्द निघून गेल्यावर त्यांना ते ऐकू आले. समोर सगळं स्वच्छ दिसलं: भंगारवाल्याचा काटा, खिडकीतलं इंटरलॉक आणि वर्तमानपत्रातल्या कोड्याचे रकाने भरत बसलेले आपण.

"असं कसं, काका? असं बरं नाही दिसत," बाई म्हणाल्या, जेवढं म्हणायचं असतं तेवढं. "बरं, थँक्यू हं मग." आणि त्यांनी पाटी उचलून काखेत धरली.

वसुलीरावांचा हात पुढे गेला आणि पाटीवर पडला. तो कुणी पाठवला हे त्यांना कळलं नाही.

"पाटी," ते म्हणाले. "पाटी राहू द्या, असं म्हणतोय. अठराशे झाले. ते द्या आणि मग न्या."

आणि चेहरा पडलाच. हसू गेलं, भुवया जवळ आल्या, नजर पाटीवरून त्यांच्या हाताकडे आली. हा चेहरा त्यांना पाठ होता. पूर्वी अशा वेळी पाठीशी सगळं खातं असे. आज पाठीशी फक्त एक थांबलेलं शिवणयंत्र होतं. तरी त्यांनी हात काढला नाही.

"सोळाशे करा ना, काका."

"अठराशे," वसुलीराव म्हणाले आणि सवयीने पुढे निघून गेलं, "हप्त्याने भरलेत तरी चालेल."

बाई खळखळून हसल्या. "नको, हप्ते नकोत. बरंच झालं सांगितलंत ते. फुकट नेली असती तर तुमची पुढची दाढ मला फुकट भरावी लागली असती." त्यांनी पर्स उघडून नोटा मोजून दिल्या आणि पाटी घेऊन गेल्या. जाताना जिन्यात त्या पुन्हा एकदा ती उलटीसुलटी करून बघत होत्या, हे वसुलीरावांनी वरून वाकून पाहिलं.

बायको दाराला टेकून उभी होती. तोंडात टाचण्या होत्या. वसुलीरावांनी सगळे पैसे तिच्यासमोर टेबलावर ठेवले. मग मन घट्ट करून एक कबुलीही दिली. "बेअरिंग वगैरे काही नव्हतं. सुईच उलटी होती."

"माहितेय. पान्याने टेबल ठोकल्याचा आवाज वेगळा येतो."

"मग तुझे सल्ल्याचे किती झाले?"

तिने टाचण्या एकेक करून काढल्या आणि उशीत खोचल्या. टाचण्या आधी आणि आकडा नंतर, असं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं.

"राहू द्या," ती म्हणाली.

"अगं, असं कसं? आत्ताच तर तू मला..."

"पैशांचं नाही म्हणत मी. ते मी घेणारच आहे." तिने नोटा उचलल्या आणि मागच्या खिडकीकडे हनुवटीने खूण केली. "सवतीला म्हणतेय. राहू द्या तिला. आपल्या खोलीतलं कपाट जरा सरकवलं की माझं यंत्र तिथे बसतं. मापं मी अट घातली त्याच दिवशी घेऊन ठेवलीत."