खटका बंद असताना

मित्रांनो, माझ्या जाळीला पोचा पडला आहे आणि मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. पण ऐकण्यात मी अजून कुणाला हार जाणार नाही. सोलापुरातल्या एका वस्तीच्या वाचनालयातला मी जुना माईक.

माझ्या मानेवर एक खटका आहे. तो पुढे सरकवला की ऐकलेलं मी पुढे पोहोचवतो. तो मागे असला, तर मी नुसताच ऐकत बसतो. माझं सगळं दुःख या खटक्यात आहे.

एकोणीस वर्षांपूर्वी मी इथे आलो. जयंतीची भाषणं, मुलांच्या कविता, आरोग्य शिबिरात पुकारलेली नावं, सगळं मी पोहोचवलं. "शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू येतंय की!" लोक म्हणायचे, आणि मला धन्य वाटायचं. मग बिनतारी माईक आला. मी कपाटात, जुन्या मासिकांच्या मागे गेलो. चार वर्षं कुणी मला हात लावला नाही.

या उन्हाळ्यात दिपकने मला बाहेर काढलं. तो मोबाईल दुरुस्त करतो. आरोग्य केंद्रात नर्स असलेली राजश्री आणि कॉलेजात शिकणारी प्रतिक्षा यांच्याबरोबर त्याला पॉडकास्ट करायचा होता. चौघांची गप्पागोष्टींसारखी चर्चा आणि विषय यंत्रमागावरच्या बायका. चौथ्या होत्या भीमाबाई. पंचवीस वर्षं त्यांनी चादरीच्या कारखान्यात कांड्या, म्हणजे मागावर चढवायच्या सुताच्या नळ्या, भरल्या होत्या. मागांच्या खडखडाटात बोलून बोलून त्यांचा आवाज असा झाला होता, की त्यांना माझी गरजच नव्हती.

पहिल्या रविवारी त्यांनी सांगून टाकलं, "माझ्या गळ्यात गाठ हाय. तीन आठवड्यांनी ऑपरेशन. डॉक्टर म्हणतेत, आवाज राहील न राहील. माझं तेवढं आधी घ्या."

"घेऊ की मावशी," दिपक म्हणाला. "आधी नाव ठरवू."

नाव ठरवण्यात तो रविवार गेला. दुसऱ्या रविवारी कुणी किती मिनिटं बोलायचं यावर वाद झाला. दिपकने वहीत चौकटी आखल्या, राजश्रीने खोडल्या, त्याने पुन्हा आखल्या. मी टेबलावर उताणा पडून होतो. मित्रांनो, इतका संताप मला कपाटातसुद्धा आला नव्हता. तिथे निदान कुणी बोलत नव्हतं!

तिसऱ्या रविवारी सुरुवातीच्या संगीताचा विषय निघाला.

"अरे, मावशींचं बोलणं आजच घेऊ," प्रतिक्षा म्हणाली.

"मधनंच घेतलं तर लई कच्चं वाटतंय," दिपक म्हणाला. "बुधवारी पक्कं करू. ऑपरेशन गुरुवारी हाय की."

दोघांची जुंपली. भीमाबाई कंटाळल्या आणि कुणी विचारायची वाट न बघता बोलू लागल्या.

"आमच्या शेडमधी चाळीस माग. बायकांना संडासच न्हवता. म्हणून आमी सकाळपास्नं पाणीच प्यायचो न्हाय. एप्रिलात एक दिस माझ्या शेजारची बाई कांड्या भरता भरता पडली. जीभ पार टाळूला चिकटलेली. मी वरडले, 'माग बंद करा!' चाळीस मागांतनं माझा आवाज फाटकापर्यंत गेला. एकेक माग थांबला. मालक पळत आला, तर आमी समद्या हुब्या. म्हटलं, संडास बांधल्याबिगर कांडी भरनार न्हाय. नवव्या दिवशी त्यानं पाया खांदला."

वहीवरचं पेन थांबलं. आणि मी त्यांच्यापासून वीतभर अंतरावर, खटका मागे!

"मावशी, हेच!" दिपक उठून उभा राहिला. "बुधवारी अगदी असंच बोला."

बुधवारी सकाळी तपासण्यांसाठी भीमाबाईंना एक दिवस आधीच दवाखान्यात बोलावलं. गाठ निघाली. जीव वाचला. आवाज गेला.

महिन्याने त्या वाचनालयात आल्या, तेव्हा त्यांच्या गळ्याला रुमाल होता आणि हातात पाटी होती. दिपकला मान वर करवेना. त्यांनी त्याच्या हातातली वही काढून घेतली, मला उचललं आणि स्वतः खटका पुढे सरकवला. मग पाटीवर लिहिलं, "तुमी सांगा."

तिघे सांगू लागले. दिपक चाळीस मागांचं बोलला. राजश्री पाण्याचं बोलली. चुकलं की भीमाबाई टेबलावर बोट आपटायच्या. मग प्रतिक्षा म्हणाली, "आणि ती पडलेली बाई..." त्या बाईचं नाव कुणी विचारलंच नव्हतं.

भीमाबाईंनी जोरात बोट आपटलं. पाटीवर लिहिलं, "शिवबाई. वळसंग."

त्याच दुपारी दिपकने मला पिशवीत घातलं. प्रश्न काढले नाहीत, वही घेतली नाही. मोटारसायकलवर भीमाबाईंना मागे बसवून तो वळसंग गावाला निघाला. राजश्री आणि प्रतिक्षा एसटीने आल्या.

शिवबाई अंगणात तूर पाखडत होत्या. भीमाबाईंना बघून त्यांनी सूप खाली ठेवलं. भीमाबाईंनी तोंड उघडलं, नुसती हवा आली. गळ्यावरचा रुमाल, पाटी, सगळं शिवबाईंनी पाहिलं. क्षणभर त्या मैत्रिणीचा हात धरून बसल्या. दिपकने मला पिशवीतून काढून खटका पुढे केला, तशा त्या माझ्याकडे वळल्या.

"हिचा आवाज गेला, व्हय? बरं. ही जलमभर आमच्या वतीनं बोलली. आता मी बोलते की."

मित्रांनो, तयारी जरूर करा. पण तुमच्या शेजारी बसलेलं माणूस तुमची वही भरायची वाट बघत थांबत नसतं. मला पुसू नका, माझी चिकटपट्टीही बदलू नका. बोलणारं माणूस समोर बसलं की तेवढा माझा खटका पुढे करा. एकदा गेलेला आवाज मी परत आणू शकत नाही.