काही नाही

वकीलबाईंनी बोटांनी टेबलावर दोनदा टकटक केलं.

"परत म्हणालात."

"काय म्हणालो?" काचवाल्याने विचारलं.

"मी विचारलं, हात वर नेताना काय होतं. तुम्ही हात जेमतेम खांद्यापर्यंत नेलात, तोंड वेडंवाकडं केलंत आणि म्हणालात, काही नाही."

काचवाला ओशाळून हसला. शेजारच्या खुर्चीत बसलेली त्याची बायको मात्र हसली नाही. पर्स मांडीवर घट्ट धरून ती म्हणाली, "घरीसुद्धा हेच चालतं, बाई. झोपेत कूस बदलताना कण्हतात, आणि काय झालं विचारलं की काही नाही. मी तर विचारायचंच सोडलंय."

"तुम्ही सोडा. मी नाही सोडणार," वकीलबाई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या डोक्यावर होता आणि त्या तो टेबलावरच्या कागदांत शोधत होत्या. "आजपासून या खोलीत 'काही नाही' बंद. म्हणालात की मी टकटक करणार. आता नीट सांगा. काय होतं?"

काचवाल्याने आपल्या उजव्या खांद्याकडे पाहिलं. असा प्रश्न दुसऱ्यांदा कुणी विचारला नव्हता, आणि पहिल्यांदा विचारला की तो आपलं ठरलेलं उत्तर देऊन मोकळा होत असे.

"आतून कुणीतरी ओलं फडकं पिळतंय, असं होतं," तो हळूहळू म्हणाला. "मग बोटांना मुंग्या येतात. मग हातात असेल ते पडतं."

"शेवटचं काय पडलं?"

"फणी. ही पहाटेच कामाला जाते, म्हणून लेकीची वेणी मी घालतो. परवा फणीच धरवेना. मग तिची तिने घातली. मी म्हटलं, वाकडी झाली गं. तर म्हणते, काही नाही, बाबा."

वकीलबाईंनी टकटक केलं नाही. चष्मा सापडला तसा तो नाकावर चढवून त्या लिहू लागल्या.

खोली लहान होती आणि टेबल अवाढव्य. ते आत आणताना म्हणे दाराची चौकट काढावी लागली होती. त्याचा एक कोपरा वाटेत असा काही घुसलेला होता, की येणारा प्रत्येक अशील आधी त्याच्याशी टक्कर घेई आणि मग खुर्चीत बसे. काचवाल्याच्या बायकोला पहिल्याच दिवशी त्याचा प्रसाद मिळाला होता. खुद्द वकीलबाईंच्या मांडीवर एक निळा डाग कायमचा मुक्कामाला होता. काचवाला मात्र इतक्या वेळा येऊन गेला, तरी त्याचा शर्टसुद्धा त्या कोपऱ्याला लागला नव्हता.

"तुम्हाला कसा लागत नाही हा कोपरा?" त्या दिवशी तो निघताना वकीलबाईंनी विचारलं.

"काचेतल्या माणसाला लागत नाही, बाई. आधी नजर कोपऱ्यावर, मग पाऊल. कोपर नेहमी बरगडीशी." त्याने डाव्या हाताने करून दाखवलं. "हळूकाकांची शिकवण. पोरगा कामाला लागला की ते आधी त्याला चालायला शिकवतात. काच कापायची हिरकणी हातात देतात ती नंतर. घाई करणाऱ्यांना तर देतच नाहीत."

हळूकाका म्हणजे काचवाल्याच्या कारखान्याचे फोरमन. दिवसभर 'हळू रे, हळू' एवढाच त्यांचा घोष, म्हणून हे नाव पडलं, आणि ते इतकं पक्कं झालं की खरं नाव आता कुणालाच आठवत नव्हतं. उभ्या करून ठेवलेल्या काचांच्या रांगांमधून हा माणूस अंग चोरून असा जाई, की जणू हवेलाही धक्का लागू नये. उभा जन्म काचेत गेला, पण अंगावर एक ओरखडा नाही. पोरं म्हणत, काका घरी बायकोशीसुद्धा तिरके उभे राहून बोलतात.

आणि नेमके हेच हळूकाका भरपाईच्या दाव्यात मालकांच्या बाजूचे साक्षीदार होते.

घडलं होतं ते एवढंच. मोठ्या काचा ज्या उतरत्या चाकगाडीवर टेकवून नेतात, तिला कारखान्यात घोडा म्हणत. घोड्याचं चाक फरशीच्या भेगेत अडकलं आणि सगळा भार कलला. काचवाल्याने विचार न करता खांदा लावला. बाकीचे धावून येईपर्यंत त्याने तो भार पेलून धरला. एकही काच फुटली नाही. हळूकाका धावत आले. त्यांना धावताना कुणी पूर्वी पाहिलं नव्हतं. "लागलं का रे?" त्यांनी विचारलं. काचवाला म्हणाला, "काही नाही," आणि पुन्हा कामाला लागला. एखादी काच फुटली असती तर आरडाओरडा झाला असता, मालक खाली आले असते, चौकशी झाली असती. काच शाबूत राहिली आणि खांदा फाटला, तो कुणाला दिसला नाही.

डॉक्टरांचं म्हणणं स्पष्ट होतं. शस्त्रक्रिया लवकर झाली तर हात परत मिळेल, नाहीतर काचेचं काम विसरा. आणि भरपाई मिळाल्याशिवाय शस्त्रक्रिया त्यांच्या आवाक्यात नव्हती. मालकांचं म्हणणंही तितकंच स्पष्ट होतं. कारखान्यात अपघात झालाच नाही, खांदा घरी कुठेतरी दुखावला असेल, हवं तर फोरमनला विचारा.

"ते खोटं बोलतील?" वकीलबाईंनी विचारलं होतं.

"हळूकाका? छे हो. खरंच सांगतील. मी खरंच तसं म्हणालो होतो ना!"

"तीच तर पंचाईत आहे," वकीलबाई म्हणाल्या होत्या.

पण त्या स्वस्थ बसल्या नाहीत. स्वतः कारखान्यात जाऊन त्यांनी ती भेग पाहिली. घोडा रिकामा असताना ढकलून पाहिला आणि साडीला वंगण लावून घेतलं. डॉक्टरांच्या दारात ताटकळून त्यांच्याकडून लिहून आणलं, की असा खांदा मोठा भार अडवल्यानेच फाटतो. बरोबरीच्या कामगारांच्या घरी गेल्या. चहा सगळ्यांनी पाजला, साक्षीला यायला कुणी तयार होईना. फीचा विषय बायकोने काढला, तेव्हा "आधी हात, मग ते," म्हणून त्यांनी तो गुंडाळून ठेवला. घरी जाताना काचवाल्याची बायको म्हणाली, "सख्खी बहीण असती तरी एवढं केलं नसतं हो." काचवाल्याला सख्खी बहीण होती, पण त्याने वाद घातला नाही.

सुनावणीच्या खोलीत गर्दी नव्हती. समोर निकाल देणारे साहेब, त्यांच्या खाली टंकलेखक, मध्ये वकिलांचं लांब टेबल आणि भिंतीशी साक्षीदाराची खुर्ची. आधी काचवाल्याची पाळी झाली. तुम्ही 'काही नाही' म्हणालात हे खरं का, असं मालकांच्या वकिलांनी विचारलं.

"खरं."

"मग लागलं नव्हतं."

"लागलं होतं. म्हणायची पद्धत असते, साहेब."

"पद्धत!" मालकांचे वकील साहेबांकडे बघून हसले. साहेबांनी ते मान खाली घालून लिहून घेतलं. त्यांच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही.

मग हळूकाका आले. इस्त्रीचा शर्ट, हातात टोपी. काचवाल्याकडे त्यांनी पाहिलं नाही. निवृत्ती तोंडावर आली होती, आणि विचारतील तेवढंच सांगायचं, अशी ताकीद त्यांना मिळाली असणार.

"काच फुटली?" मालकांच्या वकिलांनी विचारलं.

"नाही."

"तुम्ही विचारलंत, लागलं का?"

"विचारलं."

"उत्तर काय आलं?"

"काही नाही म्हणाला."

मालकांचे वकील बसले. वकीलबाई उठल्या.

"काका, घोडा कलला तेव्हा यांनी खांदा लावलेला तुम्ही पाहिलात?"

"मी पोचलो तोवर भार सरळ झाला होता."

"हे 'काही नाही' म्हणाले. तुम्हाला ते खरं वाटलं?"

हळूकाकांनी पहिल्यांदाच काचवाल्याकडे पाहिलं. त्यांचे ओठ उघडले. तेवढ्यात मालकांचे वकील ताडकन उभे राहिले.

"साक्षीदाराला काय वाटलं, हा प्रश्नच नाही. कानांनी ऐकलं तेवढं त्याने सांगितलं आहे."

"बरोबर आहे," साहेब म्हणाले. "वाटण्याचं सोडा, बाई."

वकीलबाईंनी हातातले कागद पुन्हा चाळले. त्यांच्याजवळ आणखी काही नव्हतं, हे काचवाल्याला त्यांच्या पाठीवरूनसुद्धा कळलं. बायकोने त्याचा डावा हात धरला. "काही नाही," तो तिला पुटपुटला, आणि लगेच जीभ चावली.

"तुम्ही जाऊ शकता," साहेब हळूकाकांना म्हणाले.

हळूकाका उठले. टेबल आणि भिंत यांच्यामध्ये एक घोडा आरामात जाईल एवढी वाट होती. ते चार पावलं सरळ आले, आणि त्यांचा पाय टेबलाच्या कोपऱ्यावर असा आदळला, की पाण्याचा पेला हिंदकळला आणि टंकलेखक दचकून उठला.

"अहो, जपून!" साहेब म्हणाले. "लागलं का?"

"काही नाही, साहेब," हळूकाका म्हणाले. "काही नाही."

पण ते पुढे गेले नाहीत. तिथेच, टेबलाला धरून उभे राहिले.

मग वकीलबाईंचा आवाज आला, अगदी शांत. "साहेब, साक्षीदार अजून इथेच आहेत. एकच प्रश्न विचारू?"

साहेबांनी मान डोलावली.

"काका, विजार जरा वर घेता?"

हळूकाकांनी वाकून विजारीचा पाय गुडघ्यापर्यंत ओढला. नडगीवरची कातडी सोलवटली होती आणि रक्ताचा ओघळ मोज्यापर्यंत आला होता.

"हे काय आहे?"

"लागलंय."

"मग काही नाही असं का म्हणालात?"

"म्हणतो माणूस," हळूकाका म्हणाले.

मालकांचे वकील उठले आणि पुन्हा बसले. साहेब त्या रक्ताकडे बघत होते. मग त्यांनी टंकलेखकाला सांगितलं, "प्रश्न आणि उत्तर, दोन्ही घ्या. जसंच्या तसं. आणि यांना कुणीतरी कापूस आणून द्या."

काचवाल्याने मान खाली घातली होती. त्याला त्या क्षणी कुणाचंही तोंड बघवलं नसतं. बायकोला वाटलं, त्याचा खांदा दुखतोय.

निकाल त्याच्या बाजूने लागला. शस्त्रक्रिया झाली, झोळीत बांधलेला हात सुटला, मग रोज भिंतीवर बोटं चढवण्याचा व्यायाम सुरू झाला. लेक खडूने खूण करी, आज बाबांची बोटं कुठवर गेली. ज्या दिवशी खूण त्याच्या डोक्यावर गेली, त्या दिवशी त्याने तिची वेणी घातली. ती वाकडीच झाली, पण लेकीने ती दिवसभर मिरवली.

मग तिघे वकीलबाईंकडे आले. तिसरे हळूकाका. आता ते निवृत्त झाले होते, त्यामुळे कुठेही जायला मोकळे होते. त्यांच्या काखेत कापडात गुंडाळलेली काच होती.

"डॉक्टरांनी मला जड उचलायला अजून बंदी केलीय," काचवाला म्हणाला. "कापलीय मात्र मी. कडा घासल्यात, कोपरे गोल केलेत. तुमच्या टेबलासाठी. थोडी बाहेर येते, म्हणजे तो लाकडी कोपरा यापुढे कुणाला लागणार नाही."

"अहो, कशाला हे सगळं..." वकीलबाईंनी चष्मा डोक्यावर सरकवला, परत खाली घेतला. "मी काय केलं? त्या दिवशी मी तर हरले होते. नशीब म्हणा, काकांना टेबल दिसलं नाही."

"तुम्ही विचारलंत," काचवाला म्हणाला. "मी काही नाही म्हणालो, तरी तुम्ही पुन्हा विचारलंत. ते मी जन्मभर विसरणार नाही." एवढं बोलून तो घामाघूम झाला. बायकोने पदराने डोळे पुसले आणि ते लपवलंही नाही.

हळूकाका काच घेऊन पुढे निघाले. दारापासून टेबलापर्यंत फायलींचे ढीग होते, पंख्याची तार आडवी पडली होती, तीन खुर्च्या वेड्यावाकड्या होत्या, आणि शेवटी तो कोपरा. काकांनी एकदा सगळीकडे नजर टाकली. कोपरं बरगडीला लागली. अंग तिरकं झालं. तारेवरून पाऊल उचललं गेलं, ढिगांमधून ते सरकले, कोपऱ्याला वळसा घातला. कागदाचं एक पानही हललं नाही. काच टेबलावर उतरली तिचा आवाजसुद्धा झाला नाही.

वकीलबाई हे सगळं बघत होत्या. त्यांची नजर हळूकाकांच्या कोपरांवरून त्यांच्या पायांवर गेली आणि तिथेच थांबली.

"काका," त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तुम्ही..."

हळूकाकांनी कापडाची घडी घालता घालता वर पाहिलं. "काय, बाई?"

वकीलबाईंनी काचवाल्याकडे पाहिलं. तो भिंतीकडे बघत होता.

"काही नाही," त्या म्हणाल्या.

काचवाल्याने उजवा हात उचलला आणि नव्या काचेवर बोटांनी दोनदा टकटक केलं.