बोटभर सैल

मी पाटेवाला. ट्रकच्या मागच्या एक्सलवर कमानीसारखे वाकलेले लोखंडी पाटे असतात, सगळा माल त्यांच्यावर बसतो. ते उतरवायचे, तुटलेला बदलायचा, पुन्हा चढवून बोल्ट आवळायचे, हे माझं काम. स्वभावही धंद्याला शोभणारा आहे, दणका बसला की उसळतो. वर्कशॉपमध्ये मला भडक्या म्हणतात ते काही उगाच नाही.

दादा एक्सलचे मिस्त्री. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे. बावीस वर्षं आम्ही एकाच ट्रकच्या मागच्या अंगाला काम केलं, ते चाकाशी, मी चाकामागे पाट्यांशी. एवढ्या वर्षांत मी बायकोपेक्षा दादांशी जास्त बोललो असेन, आणि तेही बहुतेक त्यांच्या बुटांशी, कारण मी गाडीखाली आडवा असायचो. मी मालकाला, ड्रायव्हरांना, देवाला शिव्या घालायचो आणि वरून दादांचा आवाज यायचा, ‘‘हं. आता बोल्ट आवळ.’’

त्यांचं खरं कसब एका नटात होतं. मागचं चाक ज्या हबावर बसतं तो हब दोन बेअरिंगांवर फिरतो आणि एक मोठा नट त्यांना जागेवर धरतो. तो नट हब फिरवत फिरवत घट्ट आवळायचा आणि मग किंचित मागे घ्यायचा. किती मागे, ते हातालाच कळतं. जास्त आवळला तर बेअरिंग तापून जळतं, सैल राहिला तर चाक डुलतं. दादा डोळे मिटून हब हलवायचे, नटाला चावी लावायचे, परत हलवायचे आणि म्हणायचे, ‘‘बसलं.’’ मग नटामागच्या वॉशरचा कान ठोकून वाकवायचे, म्हणजे नट फिरत नाही. आमच्याकडचा नियम असा, की ज्यानं नट बसवला त्यानंच कान वाकवायचा. दुसऱ्याच्या नटाला हात लावणं म्हणजे दुसऱ्याच्या ताटात हात घालणं.

हा नियम मी मोडला. दोन वर्षांपूर्वी वहिनी, म्हणजे दादांची बायको, दवाखान्यात होत्या. दादा रात्रभर तिथे बसून सकाळी थेट कामावर आले होते. दुपारी त्यांनी एका हबाचा नट बसवला आणि कान न वाकवताच ते तोंड धुवायला गेले. मी एक्सलचा दांडा हबातून आत सरकवायला गेलो तर हब हाताखाली डुलला. ‘‘दादा, हे सैल राहिलंय,’’ एवढी चार शब्दांची गोष्ट होती. पण मला त्यांची दया आली, आणि तापट माणसाला दया आली की तो काय करील याचा नेम नसतो. मी चावी लावली, नट बोटभर पुढे घेतला आणि कान वाकवून टाकला. ते परत आले तेव्हा मी शिट्टी वाजवत होतो.

तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं होतं. पण त्या दिवसापासून मला चैन पडेना. दादा कान वाकवून पाणी प्यायला गेले की मी तो सरळ करायचो, हब हलवून बघायचो. माझे हात घणाचे, त्यांना सगळंच सैल लागायचं. मग बोटभर चावी, परत कान, की मी मोकळा. मनात म्हणायचो, म्हाताऱ्याची अब्रू आपण राखतोय. केवढा मोठेपणा वाटायचा मला स्वतःचा!

महिन्याभरात दोन गाड्या परत आल्या, हब हात लावता येऊ नये इतके तापलेले, आतलं ग्रीस जळून कोळसा. मालक सगळ्यांसमोर ओरडला. दादांनी निळं पडलेलं बेअरिंग हातात घेतलं, बराच वेळ उलटसुलट करून पाहिलं. मग माझ्याकडे एकदा बघितलं आणि मालकाला म्हणाले, ‘‘माझा हात चुकला.’’

मला वाटलं, बघा, म्हणत नव्हतो मी? सैल नटानं बेअरिंग असं जळत नाही हे पाटेवाल्यालाही माहीत असतं. मलाही माहीत होतं. पण आपलं खरं ठरलं की माणूस पुढचा विचार करत नाही.

त्यानंतर एकही गाडी तापून आली नाही. मात्र दादांचा नट आता खरोखरच सैल असायचा, रोज, प्रत्येक चाकाचा. कान वाकवायलाही ते थांबेनात. ‘‘भडक्या, तेवढा कान तू वाकव, माझी पाठ धरलीय,’’ म्हणून निघून जायचे. मी रोज बोटभर आवळत राहिलो आणि रोज घाबरत राहिलो. एखाद्या दिवशी मी आजारी पडलो तर? घाटात चाक निघालं तर? सहा महिने हा घोर वाहिला आणि शेवटी मालकाला जाऊन सांगितलं, ‘‘दादांचे हात गेले. मी मागून सावरतोय, म्हणून चाललंय.’’

मालक वाईट माणूस नाही. त्यानं दादांना खोलीत बोलावलं, खुर्ची दिली, आता विश्रांती घ्या म्हणाला. मी दारातच उभा होतो. दादांनी विचारलं, ‘‘कोण म्हणालं, हात गेले?’’

‘‘भडक्या म्हणतो.’’

दादा माझ्याकडे वळले. मी मान खाली घातली. ‘‘भडक्या म्हणतो तर असेल,’’ ते म्हणाले आणि उठले.

त्यांच्या जागी नवा मिस्त्री आला. तरुण, कमी बोलणारा, हबाला घड्याळासारखं मीटर लावून प्ले, म्हणजे हब किती डुलतो ते, मोजणारा. मी दादांसाठी झुरत होतो आणि त्याच्या मीटरला नावं ठेवत होतो. आठ महिन्यांनी एकदा त्यानं नट बसवला आणि तो फडकं आणायला वळला. माझा हात सवयीनं चावीकडे गेला. नट बोटभर सरकला असेल नसेल, त्यानं माझं मनगट धरलं.

‘‘काय करताय? बेअरिंग जाळायचंय का?’’

त्यानं नट आधी होता तिथे आणि मी नेला तिथे, दोन्हीकडे मीटर लावून दाखवलं. माझ्या बोटाआधी होतं ते बरोबर होतं. माझ्या बोटानंतर हब घट्ट झाला होता. मी तिथेच टायरवर बसलो. मला त्या दोन तापलेल्या गाड्या आठवल्या, आणि त्यानंतर एकही न तापलेली.

त्याच संध्याकाळी दादांच्या घरी गेलो. एकच खोली, खिडकीखाली पलंग, भिंतीला टेकवलेली घडीची खुर्ची. वहिनी आता बऱ्या होत्या, त्यांनी चहा टाकला. दादा पलंगावर बसून मटार सोलत होते. मी सगळं भडाभडा बोललो. त्यांनी एका शेंगेपुरतंही न थांबता ऐकलं.

‘‘माहीत होतं,’’ ते म्हणाले. ‘‘पहिलं जळकं बेअरिंग हातात घेतलं तेव्हाच कळलं. माझा हात एवढा आवळत नाही.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘मालकासमोर तुझं नाव घेऊ? तू काय वाईट मनानं करत होतास?’’ त्यांनी दाणे वाटीत टाकले. ‘‘वाटलं, सांगशील कधीतरी. तोवर गाड्या जळायला नकोत. म्हणून बोटभर सैल ठेवायला लागलो. तुझं बोट पडलं की बरोबर बसायचं.’’

‘‘आणि मी ते सैल बघून तुमचे हात गेले म्हणून...’’

‘‘हो. ते मला मालकाच्या खोलीत कळलं.’’

मी रडलो. पन्नाशीचा माणूस, वहिनींच्या देखत ढसाढसा रडलो. वहिनी म्हणाल्या, ‘‘रडून काय होणार भाऊजी? यांना परत कामावर न्या. घरात बसून बसून निम्मे झालेत.’’

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांसमोर मालकाला खरं सांगितलं. तो मला नको नको ते बोलला आणि मी पहिल्यांदाच उलट बोललो नाही. शेवटी म्हणाला, ‘‘दादांना घेऊन ये. एक हब बसवू देत. मीटरवर बरोबर आला तर जागा त्यांची, नव्याला दुसरीकडे घेतो.’’ नवा मिस्त्रीही चालेल म्हणाला.

दादा यायला तयार नव्हते. वहिनींनी कामाचे कपडे इस्त्री करून समोर ठेवले तेव्हा उठले. वर्कशॉपमध्ये सगळे हातातलं काम टाकून भोवती जमले. ते हबासमोर उभे राहिले, डोळे मिटले, नट आवळला, मागे घेतला, हलवून पाहिलं. परत आवळला. परत मागे घेतला. पूर्वी दोनदा हलवायचे, आज मी सात वेळा मोजलं. मग ते म्हणाले, ‘‘बसलं.’’

नव्या मिस्त्रीनं मीटर लावलं. काट्याकडे बघितलं, मग मालकाकडे. ‘‘सैल आहे,’’ तो हळूच म्हणाला. ‘‘बरंच.’’

मला हसूच फुटलं. एवढा आनंद मला कित्येक महिन्यांत झाला नव्हता. मी चावी उचलली आणि मालकाला म्हणालो, ‘‘अहो, ही त्यांची सवय आहे! माझं बोट धरून चालतात ते. हे बघा, आता बरोबर बसेल. दादा, सांगा ना यांना, माझ्यासाठी सैल ठेवलंत ना?’’

दादा आपल्या दोन्ही तळव्यांकडे बघत होते.

‘‘नाही रे,’’ ते म्हणाले. ‘‘या वेळी काही ठेवलं नव्हतं.’’